बारावी बाटली

(प्रयोगशाळेला लागून असलेली सामानाची खोली. सकाळचे साडेनऊ. टेबलावर काचेच्या बुचांच्या बारा बाटल्या ओळीनं मांडलेल्या. अकरा वाजता दहावीच्या दुसऱ्या तुकडीची विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा.)

बाई : आणि ही तिसरी लिटमसची पट्टी. बघा मामा, हीसुद्धा निळी ती निळीच.

मामा : पट्ट्या सर्दावल्या असतील हो. या खोलीत कागदाचं काही टिकत नाही.

बाई : नवी पुडी आहे. कालच विकत आणली. घरी लिंबाच्या रसात बुडवली, तर बुडवता बुडवता लाल झाली.

मामा : मग लिंबू फार आंबट असणार.

बाई : मामा!

मामा : बरं, राहिलं. पण बाई, परीक्षेच्या दिवशी सकाळी पट्ट्या बुडवत कशाला बसलात? परीक्षक साहेब येतील इतक्यात. त्यांच्या चहाचं बघायचंय, टेबलांवर बैठक क्रमांक चिकटवायचेत...

बाई : क्रमांक मी चिकटवले. साहेब मोठ्या बाईंच्या खोलीत बसलेत, चहाही पोचलाय. तुम्ही कुठेही जायचं नाही. या बाटलीवर काय लिहिलंय, वाचा.

मामा : माझंच अक्षर आहे. वाचायचं काय त्यात?

बाई : वाचा.

मामा : विरल हायड्रोक्लोरिक आम्ल.

बाई : आणि आत काय आहे?

मामा : दार लोटून घेऊ का जरा?

बाई : लोटलंय मी. आत काय आहे, मामा?

मामा : पाणी.

बाई : सगळ्यांत?

मामा : बाराच्या बारा.

बाई : कालसुद्धा?

मामा : कालसुद्धा.

बाई : काल चोवीस मुलांनी परीक्षा दिली. चोवीस जणांनी लिहिलं, चुनखडीवर आम्ल टाकताच भराभर बुडबुडे आले, आलेल्या वायूनं चुन्याची निवळी दुधाळ झाली. एकानंही सोडलं नाही. पाणी टाकून?

मामा : लिहिणारच की. पाठ असतं त्यांना. दरवर्षी लिहितात.

बाई : दरवर्षी म्हणजे?

मामा : यंदाचं धरून चौदा वर्षं.

बाई : बसते मी जरा. ते स्टूल द्या.

मामा : हे नको, याचा पाय डुगडुगतो. हे घ्या. पाणी देऊ?

बाई : नको! पाण्याचं नाव काढू नका. चौदा वर्षं, आणि एकालाही कळलं नाही? एका मास्तरांना? एका परीक्षकांना?

मामा : कळायला नळीत बघावं लागतं ना, बाई. परीक्षक उत्तरपत्रिका बघतात. मास्तर घड्याळ बघतात. पोरं एकमेकांच्या वहीत बघतात. नळीकडे बघणारा मीच, तोही धुताना. आता एखादा हुशार निघतो म्हणा. तीनेक वर्षांमागे एक होता, निवळी दुधाळ होईना म्हणून गडी नळीला तोंड लावून फुंकत बसला. श्वासातल्या वायूनं झाली की दुधाळ! मी म्हटलं, हा एकटा शास्त्रज्ञ, बाकी सगळे कारकून.

बाई : हसू नका. मला हसू येत नाहीये.

मामा : मी कुठे हसतोय? तुम्हाला सांगितलं कुणी, तेवढं सांगा. मोठ्या बाईंना ठाऊक आहे?

बाई : नाही. मुलींतलीच एक. काल सुटल्यावर फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती.

मामा : कोण? ती ‘कारणे लिहा’?

बाई : तीच.

मामा : वाटलंच मला. वर्षभर माझ्यामागे असते. मामा, नळी वाकडी का धरायची? मामा, दिवा निळा का जळतो? शास्त्रीय कारणे लिहा, शास्त्रीय कारणे लिहा! नाव ठेवलं खरं मी, पण पोर गोड आहे. तिनं लिहिलं होतं का, काही झालं नाही म्हणून?

बाई : नाही. तेच तर. तिनंही बुडबुडे आले असंच लिहिलं. आणि मग मला म्हणाली, बाई, आलेच नव्हते. मी खोटं लिहिलं. मला शाळेतून काढतील का?

मामा : अरे देवा.

बाई : वर्षभर घसा कोरडा केला मी. आधी बघा, मग लिहा. चुकलं तरी चालेल, पण जे दिसलं तेच लिहा. चोवीसातल्या एकाच्या तरी डोक्यात शिरलं का ते?

मामा : एक विचारू, बाई? रागावणार नसाल तर?

बाई : विचारा.

मामा : काल ती पोर खिडकीजवळच्या टेबलाशी होती. तुम्ही तिच्या मागे येऊन उभ्या राहिलात. हातात तुमचा तो गुणांचा तक्ता. नळी तिच्या हातातच होती. तुम्ही खूण केलीत आणि पुढच्या टेबलाकडे गेलात. कशाची खूण होती ती?

बाई : कौशल्याची. तीनपैकी तीन.

मामा : नळीत काय दिसलं होतं?

बाई : मला... तासाभरात चोवीस मुलं, मामा. तोंडी प्रश्न, वहीवर सह्या, साहेबांची घाई. तिनं नळी नीट तिरकी धरली होती, तेवढं बघितलं.

मामा : मी काही तुम्हाला बोल लावत नाही. तुम्ही फार चांगल्या आहात. मी या खोलीत सात मास्तर बघितले, त्यांत स्वतः पट्टी विकत आणणाऱ्या तुम्ही पहिल्या. मी एवढंच म्हणतोय की...

बाई : कळलं मला. काल घरी गेल्यापासून तेच डोक्यात आहे. पण माझ्या टेबलावरची बाटली? वर्गाला प्रयोग करून दाखवते, तेव्हा बुडबुडे येतात की.

मामा : ती खरी असते, दुकानातून तयार विरल आलेली. मोठ्या माणसाच्या हातातली बाटली खरी. पोरांच्या टेबलांवरच्या पाण्याच्या. आणि तसंही पोरांच्या हाती नळी येते कधी? अभ्यासक्रम संपवायचा असतो. तुम्ही पुढे उभं राहून दाखवता, मागच्या बाकांवरून त्यांना तुमची पाठ दिसते. लिटमसच्या पट्ट्या मी दरवर्षी संपल्या म्हणून सांगतो.

बाई : म्हणजे सगळं ठरवून.

मामा : ठरवून.

बाई : का पण? आम्ल कपाटात आहे. साठ्याच्या वहीत तुमची सही आहे. विकत होतात की काय?

मामा : बाई! तेवढं तरी नका म्हणू. बाटल्या तशाच्या तशा आहेत. वरच्या खणात, सील न फोडलेल्या. बघा हवं तर.

बाई : मग का? बोला ना मामा. दीड तासात चोवीस मुलं येतील.

मामा : क्रमांक सरळ चिकटलेत का, बघून येतो.

बाई : तुमचा फोन वाजतोय. खिडकीत.

मामा : वाजू दे.

बाई : घरचा असेल.

मामा : तिचाच आहे. परीक्षेच्या दिवशी सकाळी करते ती. चौदा वर्षं चुकवलेला नाही. मामा, आज प्रयोग ना? पोरांना सांभाळ हं. एवढंच म्हणते आणि ठेवते. काल मी उचलला. आज तुम्ही समोर पट्ट्या घेऊन बसलात, आता कुठल्या तोंडानं उचलू?

बाई : ‘ती’ म्हणजे कोण?

मामा : मला या शाळेत मामा का म्हणतात, माहीत आहे तुम्हाला?

बाई : असंच. सगळे म्हणतात.

मामा : मी आलो तेव्हा सगळे मला शिपाई म्हणायचे. मग माझी भाची या शाळेत आली. थोरल्या बहिणीची मुलगी. पोर मधल्या सुट्टीत दारातून ओरडायची, मामा, डबा! तिच्या मैत्रिणी म्हणायला लागल्या, मग वर्ग, मग शाळा. मोठ्या बाईसुद्धा मामाच म्हणतात. ती गेली आणि तिनं दिलेलं नाव तेवढं मागे राहिलं.

बाई : गेली म्हणजे?

मामा : जिवंत आहे हो, जिवंत आहे! सुखात आहे. नवरा चांगला आहे, लेकरू आहे. शाळेतून गेली, म्हणायचं होतं मला. डाव्या डोळ्यानं तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो.

बाई : इथे झालं? या प्रयोगशाळेत?

मामा : हाच प्रयोग. हीच परीक्षा. खिडकीजवळचं टेबल. उकडत होतं म्हणून मीच ते तिला मिळवून दिलं होतं, वारा येतो म्हणून. तिनं चुनखडीवर आम्ल टाकलं आणि बुडबुडे बघायला वाकली. ते उसळलं.

बाई : विरल आम्ल इतकं उसळत नाही, मामा.

मामा : नाही उसळत.

बाई : मग?

मामा : चौकशी झाली. तीन माणसं आली, मोजपट्टी घेऊन टेबल मोजून गेली. अहवालात आलं, विद्यार्थिनीने नळीत जवळून डोकावून पाहिले, हा तिचा निष्काळजीपणा. डोकावून पाहिले! अहो, बघायलाच तर सांगितलं होतं तिला. प्रश्नपत्रिकेत छापलं होतं, निरीक्षण करा. बघितलं हाच गुन्हा ठरला. त्यानंतर या शाळेत कुणी नळीत बघत नाही. पोरांच्या आया घरून सांगून पाठवतात, लांबून कर बाई, चेहरा मागे घे.

बाई : मामा, मी पुन्हा विचारते. विरल आम्ल उसळत नाही.

मामा : बारावी बाटली.

बाई : म्हणजे?

मामा : अशाच बारा बाटल्या होत्या. मोठ्या बरणीत आधी पाणी घेतलं, त्यात आम्ल घातलं, ढवळलं. सगळं नीट. अकरा भरल्या. बारावी अर्ध्यावर आली आणि बरणी संपली. तेवढ्यात निरोप आला, पाहुणे आलेत, सभागृहात खुर्च्या टाका. चाळीस खुर्च्या टाकल्या. परत आलो तर टेबलावर मोजपात्रात थोडं उरलेलं दिसलं. वाटलं, आपणच विरल करून ठेवलंय. बारावीत ओतलं, बुच लावलं. त्या दिवशी मला पडसं होतं, वास कळला नाही. ते विरल नव्हतं, बाई. तसंच होतं, बाटलीतून काढलेलं. तीव्र.

बाई : आणि चौकशीत कुणी ती बाटली तपासली नाही?

मामा : तपासायला बाटलीत काही हवं ना.

बाई : तुम्ही धुतलीत.

मामा : डोळा आधी धुतला हो. देवाशपथ. मीच तिला उचललं, नळाखाली धरलं. ओरडत होती, मामा, जळतंय, मामा, जळतंय. मग सगळे तिला गाडीत घालून इस्पितळात घेऊन गेले. मास्तर गेले, मोठ्या बाई गेल्या, तिच्या मैत्रिणीसुद्धा गेल्या. मी नाही गेलो. सख्खा मामा, आणि मी मागे राहिलो. बाटली धुवायला. बहिणीला ठाऊक नाही. बायको गेली बिचारी, तिलाही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं.

बाई : आणि भाचीला?

मामा : तिला काय सांगू? इस्पितळात डोळ्यावर पट्टी बांधून पडली होती, माझा हात धरून म्हणते, मामा, माझंच चुकलं असेल, मीच वाकले. आणि मी म्हटलं... मी काहीच म्हटलं नाही. पुढच्या वर्षी परीक्षा आली. बरणी घेतली, कपाट उघडलं आणि हात पुढे जाईना. बाटलीला हात लावला की कानात ते ओरडणं. मग नळ सोडला. म्हटलं, पोरं पास होतात, डोळे शाबूत राहतात. कुणाचं काय वाईट झालं?

बाई : काय वाईट झालं ते काल फाटकापाशी उभं होतं, मामा.

मामा : हो. ते खरंय.

बाई : आज खरं आम्ल भरायचं.

मामा : नाही.

बाई : मामा, वेळ नाहीये.

मामा : मला काढून टाका. आत्ता साहेबांकडे घेऊन चला. पण चोवीस पोरांच्या हातात ते देऊ नका. त्यांनी कधी नळी धरलेली नाही. घाबरलेली पोरं असतात ती, परीक्षेनं आधीच हात गार पडलेले. एकीचा हात हलला तर? एकच हात, बाई!

बाई : विरल असेल. गॉगल देऊ. मी टेबलाटेबलाशी उभी राहीन.

मामा : काल उभ्या होतात तशा? चुकलो. माफ करा.

बाई : नाही, बरोबर बोललात. मला तुमच्यापेक्षा कमी भीती वाटत नाहीये, मामा. हे साहेबांना कळलं तर कालची परीक्षा रद्द. चोवीस घरांतून आईबाप येतील. गुण माझ्या सहीनं गेलेत, मी न बघता दिलेत. माझी नोकरी अजून वर्षभर कच्ची आहे. एक पत्र पाठवलं की संपलं. आणि तरी...

मामा : आणि तरी?

बाई : आणि नाही सांगितलं तर?

मामा : तर काय. अकराला पोरं येतील, बुडबुडे लिहितील. बाराला साहेब सह्या करून जातील. दोन वर्षांनी मी निवृत्त होईन. कुणाचा केस वाकडा होणार नाही.

बाई : किती सोपं आहे हो.

मामा : चौदा वर्षं सोपंच होतं.

बाई : मला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं, मामा. खरंच वाटलं. कुणी दार वाजवतंय का?

मामा : साहेब? देवा रे. त्या पट्ट्या उचला, उचला आधी!

मुलगी : बाई, मी आहे. येऊ का आत?

बाई : तू? तुझी परीक्षा काल झाली ना? आज तुम्हाला सुट्टी आहे.

मुलगी : हो, पण मी पत्र लिहिलंय. म्हणजे साहेबांना. मी थेट तिकडेच निघाले होते, पण दाराशी गेले आणि परत फिरले. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवू. शुद्धलेखन बघाल का?

मामा : पत्र? कसलं पत्र, पोरी?

मुलगी : तुम्हीपण आहात का, मामा! बरं झालं. वाचू का? ‘माननीय परीक्षक महोदय, काल मी माझ्या उत्तरपत्रिकेत निरीक्षण खोटे लिहिले. माझ्या नळीत बुडबुडे आले नाहीत. शेजारचे सगळे लिहीत होते म्हणून मी घाबरून लिहिले. माझे गुण कापावेत. पण शाळेतून काढू नये, कारण माझ्या आईला ते सहन होणार नाही.’ बाई, ‘सहन’ बरोबर आहे ना?

बाई : बरोबर आहे.

मामा : त्यात माझं काही लिहिलंयस?

मुलगी : तुमचं? तुमचं काय असणार, मामा? तुम्ही तर सगळं मांडून ठेवता. माझंच चुकलं असेल. आम्ल कमी टाकलं असेल, नाहीतर तुकडा ओला असेल. कारणं शोधली मी, सहा निघाली. सगळी माझीच आहेत.

मामा : काय म्हणालीस?

मुलगी : सहा कारणं.

मामा : त्याच्या आधी.

मुलगी : माझंच चुकलं असेल. काय झालं, मामा? बाई, मामा रडतायत का?

बाई : मामा.

मामा : काही नाही. हे पत्र मला दे. दे इकडे. हे तुझं नाही, माझं आहे.

मुलगी : म्हणजे?

मामा : काल तुझ्या बाटलीत आम्ल नव्हतं. पाणी होतं. मी भरलं होतं. तू टाकलंस ते बरोबर टाकलंस, बघितलंस तेही बरोबर बघितलंस. लिहिताना घाबरलीस, तेवढंच. त्याची शिक्षा शाळेतून काढणं नसते. साहेबांना मी सांगतो, तू नाही जायचं.

मुलगी : पाणी का भरलं होतं, मामा?

मामा : बघा! शास्त्रीय कारणे लिहा. सांगेन तुलाही. पण तुझ्याआधी एकीला सांगायचंय, तिचा मान आधी. बाई, वाजले किती?

बाई : दहाला दहा कमी.

मामा : कपाटाची किल्ली घ्या. वरचा खण. मी उघडत नाही, मी बघतो.

बाई : नाही मामा. तुम्हीच उघडा. मी शेजारी उभी राहते.

मामा : हात बघितलेत माझे?

बाई : बघितले. हा रबरी हातमोजा घाला. दुसरा हात. गॉगल. तू तिथे दाराशी थांब गं, तूही गॉगल घाल. तो नको, त्याची दोरी तुटलीय.

मुलगी : मी बाहेर जाऊ का?

मामा : नको. तिथून बघ. वाकू नको, पण बघ.

बाई : खिडकी उघडली. आता बोलत करा, मामा. एकेक गोष्ट मोठ्यानं म्हणा.

मामा : आधी पाणी. बरणीत पाण्याची पाच मापं. एक... दोन... तीन... चार... पाच. घातली.

बाई : पाच. मी मोजली.

मामा : आता बुच. देवा, हे निघतंय का बघ. चौदा वर्षं जाम झालंय. निघालं. आला तो वास. बाई, तोच वास.

बाई : मागे सरू नका. मी आहे. माप भरा.

मामा : भरतोय. हात हलतोय हो.

बाई : कोपर टेबलावर टेका. असं.

मुलगी : थांबा! आवाज आला!

मामा : कुठे? कुठे सांडलं?

बाई : सांडलं नाही. काच काचेला लागली. श्वास घ्या. दोघंही घ्या.

मामा : एक माप. आता पाण्यात आम्ल. आम्लात पाणी नाही, पाण्यात आम्ल. हळू... बरणीच्या कडेनं... हळू. बरणी कोमट लागतेय.

बाई : लागणारच. ढवळा. मोजपात्रात काय उरलं?

मामा : काही नाही.

बाई : दाखवा.

मामा : हे बघा. अगदी रिकामं. आता त्यात पाणी घालून लगेच विसळतो. टेबलावर काहीसुद्धा ठेवायचं नाही. कुणी बोलवायला आलं, सभा असो की पाहुणे, खुर्च्या त्यांच्या त्यांना टाकू देत.

बाई : भरा बाटल्या.

मामा : भरतो. आणि प्रत्येकीत पट्टी बुडवा. लाल व्हायलाच हवी, पण तेवढ्यानं तीव्र की विरल ते कळायचं नाही. म्हणून प्रत्येकीतले दोन थेंब चुनखडीवर टाकायचे आणि डोळ्यांनी बघायचं. बाराही. बारावी दोनदा.

बाई : बारावी दोनदा.

मुलगी : बाई, मी पट्ट्या मोजू?

बाई : मोज. कपाळावरचा गॉगल डोळ्यांवर घे आधी.

मामा : अकरा झाल्या. ही बारावी. एकदा... बेताची फसफसतेय ना हो?

बाई : बेताची.

मामा : परत टाका. परत... हं. बेताचीच आहे. देवा, तुझे उपकार.

बाई : मामा, साहेबांकडे मीही येते. तुम्ही पाण्याचं सांगा, मी गुणांचं सांगते. न बघता दिले, असंच सांगते.

मामा : तुमची नोकरी?

बाई : मुलीनं स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, मामा. मी तिची बाई आहे.

मामा : पोरी, इकडे ये. या टेबलाशी. कालची परीक्षा परत होईल, कदाचित आठवड्यानं, कदाचित तुला त्रास होईल, आई रागावेल. ते होऊ दे. पण आत्ता परीक्षा नाही, आत्ता नुसतं बघायचं. नळी तिरकी. तोंड स्वतःकडे नाही, दुसऱ्याकडे नाही. तुकडा टाक. आता आम्ल, ड्रॉपरनं.

मुलगी : मामा, मला भीती वाटतेय.

मामा : मलाही वाटतेय. मी तुझं मनगट धरतो. टाक.

मुलगी : टाकलं.

मामा : मी डोळे मिटलेत. काय दिसतंय ते तू सांग.

मुलगी : अय्या. आले! खालून वर येतायत. एक फुटतो तोवर दुसरा. मामा, उघडा ना डोळे!

मामा : किती आहेत?

मुलगी : मोजताच येत नाहीयेत.

मामा : मग तसंच लिही वहीत. मोजता आले नाहीत, असं.

बाई : मामा, फोन. पुन्हा तिचाच आहे.

मामा : द्या. हा हातमोजा काढतो. साहेबांच्या आधी हिच्याशी बोलायला हवं. साहेब काय, नोकरीच घेतील.

बाई : आम्ही बाहेर थांबू?

मामा : नको. थांबा इथेच दोघी. हं, बोल गं. हो, आज प्रयोग. पोरं ठीक आहेत. नाही, आवाजाला काही झालं नाही. ऐक, फोन ठेवू नकोस आज. कुठे आहेस? घरात आहेस ना? मग आधी कुठेतरी बस. बसलीस?